मेथोट्रेक्सेट चालू असताना सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं तर

ताई, आमवातासाठी आठवड्यातून एकदाची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू, सोनोग्राफीत ग्रेड 2 फॅटी लिव्हर निघालं आणि घाबरून तुम्ही दोन आठवडे गोळीच घेतली नाही, असं लिहिलंय. कृपा करून असं परस्पर बंद करू नका. तुमच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (आमवाताच्या डॉक्टरांना) आजच रिपोर्ट दाखवा आणि गोळी पुन्हा कधी घ्यायची ते त्यांनाच ठरवू द्या. चुकलेले डोस एकदम भरून काढायचे नाहीत, हे तर पक्कं लक्षात ठेवा.

मलाही हे दोन्ही आहे, त्यामुळे तुमची धास्ती कळते. पण सोनोग्राफीतला ग्रेड फक्त चरबी किती दिसते ते सांगतो. खरा प्रश्न फायब्रोसिसचा, म्हणजे यकृतात व्रण पडून ते कडक व्हायला लागलंय का, हा. एसजीपीटी (रक्तात तपासतात ते यकृताचं एक एन्झाइम, एसजीओटी हे दुसरं) नॉर्मल असूनही फायब्रोसिस असू शकतो. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फॅटी लिव्हर असलं, तरी एन्झाइम नॉर्मल असतील आणि फायब्रोसिस फार पुढे गेलेला नसेल, तर नव्या रुग्णाला मेथोट्रेक्सेट देता येतं. रक्त मात्र जास्त वेळा तपासायचं.

फायब्रोसिसचा पहिला अंदाज घरीच काढता येतो. त्याला फिब-4 म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणायचं, मग प्लेटलेट (हजारात) आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचं. समजा वय 52, एसजीओटी 38, एसजीपीटी 49, प्लेटलेट 2 लाख 20 हजार. उत्तर येतं 1.28. 1.3 च्या खाली धोका कमी मानतात (पासष्टीनंतर ही मर्यादा 2 धरतात), 2.67 च्या वर गेलं तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं.

आपल्यासारख्यांसाठी यात एक मेख आहे. आमवात भडकलेला असताना प्लेटलेट वाढतात. वरच्याच आकड्यांत प्लेटलेट 4 लाख धरा, उत्तर 0.71 वर येतं. यकृत तेच, आकडा मात्र दिलासा देणारा! म्हणून सांधे सुजलेले असताना फिब-4 कमी आला तरी तेवढ्यावर थांबू नका, फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करायचा का ते डॉक्टरांना विचारा.

सगळा दोष मेथोट्रेक्सेटवर टाकणंही मला पटत नाही. स्टेरॉइडने वजन आणि साखर वाढते, सांधे दुखतात म्हणून हालचाल थांबते, स्नायू झडतात. चरबी साठायला एवढं पुरतं. औषध सोडून आजार भडकला की पुन्हा स्टेरॉइडच वाढतं. लेफ्लुनोमाइड (आमवाताचंच दुसरं औषध) चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, त्याचाही यकृतावर परिणाम होतो. हिपॅटायटिस बी आणि सी तपासलंय ना, ते जुन्या फाइलीत बघून घ्या. दारू पूर्ण बंद.

वजन जास्त असेल तर 5 टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते, 7 ते 10 टक्क्यांनी यकृताची सूजही उतरते. पण हळूहळू, आणि जेवणातली प्रथिनं न तोडता. गुडघे, घोटे सुजलेले असताना चालण्याचा हट्ट नको. पाण्यातले व्यायाम किंवा बसून, सांधा न हलवता स्नायू आवळण्याचे प्रकार फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

आणि लिव्हर फंक्शनसाठी रक्त गोळीच्या दुसऱ्या दिवशी देऊ नका. तेव्हा एन्झाइम तात्पुरते वाढलेले दिसू शकतात. पुढचा डोस घ्यायच्या एक-दोन दिवस आधी द्या.