आजीचं माप वेगळं, फोनचं वेगळं

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे साताऱ्याजवळच्या कोरेगावचे, आता ओस्लोत असतो. चौदा वर्षांची लेक सेल्फीत नाक बारीक करते, रात्री "भूक नाही" म्हणते. आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणतात, "किती वाळलीस गं! काळवंडलीस पण." तिचा फोन काढून घेऊ का?

उत्तर : नको. काढून घेतलात तर ती मैत्रिणीच्या फोनवर बघेल आणि तुमच्याशी बोलणं बंद करेल. रात्री सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, तुमचेसुद्धा. एवढं पुरे.

तुमच्या लेकीला एकाच वेळी दोन मापं लावली जातायत. सातारा-सांगलीकडं पोरगी 'खात्यापित्या घरची' दिसली की आजी खूश. फोनवर मात्र सपाट पोटाचं कौतुक. म्हणजे आजीला ती वाळलेली वाटते आणि स्वतःला जाड. एकमत फक्त गोरेपणावर. जिचा खप वर्षानुवर्षं त्यावरच चालला, त्या 1975 सालच्या क्रीमच्या नावातला 'फेअर' 2020 मध्ये गेला. आपल्या बोलण्यातला कुठं गेलाय?

फिजी बेटांवरही भरलेलं अंग मानाचं होतं. 1995 मध्ये तिथल्या एका भागात टीव्ही पोचला. त्या वर्षीच्या पाहणीत वजनासाठी उलट्या काढते असं एकाही शाळकरी मुलीनं सांगितलं नव्हतं. 1998 च्या पाहणीत दर शंभरात अकरा जणींनी सांगितलं. तेव्हा नुसता टीव्ही होता!

नाकाचं म्हणाल, तर फूटभरावरून काढलेल्या सेल्फीत ते सुमारे 30 टक्के जास्त रुंद दिसतं, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 मध्ये गणित मांडून दाखवलं. पाच फुटांवरून तिचा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून तिलाच बघू द्या. शिवाय तुम्ही राहता त्या नॉर्वेत जुलै 2022 पासून जाहिरातीतल्या माणसाचा आकार किंवा त्वचा बदलली असेल तर तसा शिक्का मारावा लागतो, पैसे घेऊन पोस्ट टाकणाऱ्यांनाही. मैत्रिणींच्या फोटोंवर तो नसतो, आणि या वयात तुलना जास्त तिथंच होते. म्हणून तिच्याशी त्या फोटोंबद्दल बोला.

आता सासूबाई. त्यांना तुम्ही सांगू नका, त्यांच्या मुलाला सांगू द्या : "आई, तिच्या अंगारंगावर बोलू नकोस. शाळेत काय चाललंय ते विचार." दोन रविवार त्या फुगून बसतील. बसू द्यात. पार्सलमधून 'रंग उजळायला' सांगलीची हळद आली, तर सरळ आमटीत घाला. उत्तम हळद आहे, पण कातडीचा रंग ठरवणारं मेलॅनिन तिला ऐकत नाही. आणि "मी किती सुटलेय" हे तुमचं साडी नेसतानाचं पालुपदही थांबवा. लेक तेही ऐकत असते.

माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरनं 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली होती. सुट्टीत गावी आलात की आजीला आणि नातीला एकत्र बसवून ती शर्यत दाखवा. नंतरच्या गप्पा पायांच्या ताकदीवर होतील.

जेवणाचं मात्र सुट्टीपर्यंत लांबवू नका. ताटं टाळणं वाढलं, जेवल्या जेवल्या ती बाथरूममध्ये जाऊ लागली किंवा पाळी चुकू लागली, तर त्याच आठवड्यात शाळेतल्या नर्सला किंवा तुमच्या डॉक्टरांना गाठा. वजन नेहमीएवढंच दिसतंय म्हणून थांबू नका. खाण्यापिण्याचा हा आजार वजन न उतरताही असतो.