स्वसंरक्षणासाठी लपवून पिस्तूल बाळगणं धर्माला मान्य आहे का?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: मुलगा टेक्सासमध्ये नोकरीला आहे, त्याचे शेजारी रविवारी चर्चला जातानाही शर्टाखाली पिस्तूल लावतात आणि 'बायबलला हे मंजूर आहे' म्हणतात. आता मुलाच्याही मनात तेच आलंय, आणि आपल्या किंवा इतर कुठल्या धर्मात हे बसतं का, असं तुम्ही विचारताय.

मी ग्वाल्हेरचा, लष्कर भागातला. पोटापाण्याला वकिली, त्यातही फौजदारी. पुराणिक नाही, पण आजोबा कीर्तनं करायचे, त्यामुळे पोथ्या घरात होत्या. बंदुकीबद्दल तर आमच्या भागाला कुणी काही शिकवायला नको. खांद्याला दुनाली बंदूक लटकवून मोटारसायकलवर निघालेल्या माणसाकडे इथे कुणी वळूनही बघत नाही. लायसन्सच्या अर्जांचा इतका सुकाळ, की २०१९ मध्ये इथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी अर्जदारांना आधी दहा झाडं लावायला सांगितलं. (झाडं किती जगली ते विचारू नका.)

आधी सरळ उत्तर. जिवावर उठलेल्याला बळाने रोखणं जवळजवळ सगळ्या धर्मांनी चालवून घेतलंय. रोज कमरेला शस्त्र लावून बाजारहाट करण्याबद्दल मात्र ग्रंथांत फार थोडं सापडतं. शेजारी पहिल्या गोष्टीची परवानगी दाखवून दुसरी खपवतायत.

ते बहुधा लूकच्या शुभवर्तमानातलं वचन सांगत असतील. बाविसाव्या अध्यायात येशू म्हणतो, ज्याच्याकडे तलवार नाही त्याने अंगरखा विकून ती घ्यावी. शिष्य म्हणतात, दोन तलवारी आहेत; तो म्हणतो, पुरे. इथवर शेजाऱ्यांचं बरोबर. पण त्याच अध्यायात, त्याच रात्री, येशूला धरायला लोक येतात, एक शिष्य महायाजकाच्या नोकराचा कान कापतो, आणि येशू त्याला थांबवून तो कान बरा करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात याच प्रसंगी 'तलवार धरणारे तलवारीनेच मरतील' हे शब्द आहेत. म्हणून एकाच पुस्तकाच्या आधाराने क्वेकर आणि मेनोनाइट पंथ शस्त्रच नको म्हणतात, तर कॅथलिक परंपरा तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसच्या मागून म्हणते, की जीव वाचवताना हल्लेखोर मेला तर दोष नाही, पण हेतू वाचण्याचा हवा आणि बळ गरजेपुरतंच हवं.

तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, त्यातली एक गोष्ट मला वकील म्हणून फार आवडते. त्यातल्या निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात म्हटलंय, घर फोडताना चोर सापडला आणि मारला गेला, तर मारणाऱ्यावर रक्ताचा दोष नाही. पण सूर्य उगवल्यावर मारला, तर दोष आहे. आता आपली भारतीय न्याय संहिता उघडा. कलम ४१ मध्ये मालमत्ता वाचवताना जीव घेण्यापर्यंतचा हक्क कुठे मिळतो याची यादी आहे, आणि त्यात सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी आहे. रात्री समोरचा कशासाठी आलाय, हातात काय आहे, हे दिसत नाही. दिवसा दिसतं, हाक मारता येते, माणसं धावून येतात. तल्मूद, म्हणजे ज्यूंचा धर्मनियमांवरच्या चर्चेचा ग्रंथ, आणखी बारकाईत जातो: तुला मारायला येतो त्याला तू आधी मार, असं तिथे आहे, आणि हातपाय जायबंदी करून भागत असताना जीव घेतला तर तो गुन्हा, असंही आहे. आपलं कलम ३७ हेच सांगतं. गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही.

कुराणात 'तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, पण मर्यादा ओलांडू नका' ही आयत आहे. पण तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाते ती एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं परंपरेने सांगितलेलं वचन: मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोकं हातात धरून चालावं, कुणाला लागू नयेत म्हणून. शस्त्र जवळ बाळगण्याबद्दल एवढं नेमकं वचन मला दुसरीकडे आढळलं नाही.

आता आपलं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात श्लोक आहे: गुरू असो, बालक असो, म्हातारा असो की विद्वान ब्राह्मण, आततायी होऊन अंगावर आला तर विचार न करता मारावा. व्हॉट्सॲपवर हा फार फिरतो. पण विज्ञानेश्वराने मिताक्षरेत, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या आपल्या टीकेत, तो गुरूला किंवा ब्राह्मणाला मारायची आज्ञा म्हणून घेतलेला नाही. आणि गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन म्हणतो, या आततायींना मारून आम्हाला पापच लागेल. कृष्ण त्याला लढायला लावतो, हे खरं; पण ते शंख वाजवून, समोरासमोर सुरू झालेलं युद्ध. त्याच महाभारतात अश्वत्थामा रात्री झोपलेल्यांना मारतो तेव्हा व्यास त्याला वीर म्हणत नाहीत.

इथे मराठी माणूस हटकून विचारतो: मग महाराजांची वाघनखं? ती लपवलेलीच होती ना? होती. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज अंगरख्याखाली चिलखत आणि हातात वाघनखं घेऊन गेले. पण शत्रू कोण, तो का आलाय, कुठल्या शामियान्यात भेटणार, हे सगळं ठरलेलं होतं, आणि भेटीत दगा होईल अशी शंका घ्यायला खानाचा पूर्वेतिहास पुरेसा होता. तो एका दिवसाचा, एका माणसाविरुद्धचा बंदोबस्त होता. तो दाखला देऊन एखाद्याने मॉलमध्ये पिस्तूल न्यावं, हे मला पटत नाही.

आणि लपवलेल्या पिस्तुलाबद्दल ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला एक गोष्ट टाळता येत नाही. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर ज्या बेरेटा पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, ते दोनच दिवस आधी आमच्या गावातून गेलं होतं. मारणाराही स्वतःला धर्माचा रक्षकच समजत होता. आमच्याकडे वडीलधारी माणसं हा विषय निघाला की पाणी प्यायला उठतात.

इथल्या किल्ल्यावर दोन जागा आहेत, कधी आलात तर बघा. दाता बंदी छोड गुरुद्वारा: जहांगीराने गुरू हरगोबिंदांना याच किल्ल्यात कैद केलं होतं, आणि सुटताना त्यांनी बावन्न राजांनाही सोडवून नेलं, अशी श्रद्धा आहे. मीरी आणि पीरी, म्हणजे ऐहिक आणि आध्यात्मिक सत्तेच्या, अशा दोन तलवारी बांधणारे गुरू हेच. पुढे गुरू गोविंदसिंगांनी औरंगजेबाला लिहिलेल्या जफरनाम्यात म्हटलं, की सगळे उपाय थकल्यावर तलवारीला हात घालणं रास्त आहे. सगळे उपाय थकल्यावर, हे विसरायचं नाही. दीक्षा घेतलेल्या, म्हणजे अमृतधारी, शिखाची कृपाण संविधानाच्या कलम २५ नेही मानलीय, पण ती व्रतासोबत येते, दुकानातून नाही.

दुसरी जागा, कातळात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती. तोमर राजांच्या काळातल्या. त्या विद्रूप करायला आपण हुकूम दिला, असं बाबराने स्वतःच लिहून ठेवलंय. अहिंसेचा एवढा आग्रह धरणारा हा धर्मसुद्धा गृहस्थाला सूट देतो: हिंसेचे चार प्रकार, त्यांत संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, पूर्ण वर्ज्य, हल्ला परतवताना घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला अगदी टाळता येत नाही, हे मान्य. रोज सकाळी पिस्तूल लावून निघणारा माणूस यांतल्या कुठल्या हिंसेची तयारी करतो, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

माझं मत कोर्टात बसून बनलंय. माझ्यासमोर आलेल्या बंदुकांच्या केसेसमध्ये दरोडेखोर परतवल्याची क्वचितच असते. असतात त्या वरातीतल्या हर्ष फायरच्या, बांधाच्या भांडणाच्या, दोन पेग जास्त झालेल्या दाजींच्या. बंदूक घरात नसती तर डोकी फुटून प्रकरण मिटलं असतं. मात्र शेजाऱ्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये टेक्सासमधल्याच व्हाइट सेटलमेंट गावच्या चर्चमध्ये एकाने प्रार्थना चालू असताना दोघांना मारलं, आणि तिथल्याच एका सशस्त्र स्वयंसेवकाने त्याला काही सेकंदांत टिपलं. पण तो माणूस चर्चच्या सुरक्षा पथकातला होता, नेमबाजी शिकवणारा होता. त्या जबाबदारीने उभ्या असलेल्या माणसाला कुठलाही धर्म अडवणार नाही, असं मला वाटतं. तुमच्या मुलाचं तसं काही आहे का? की फक्त रात्री पार्किंगमध्ये भीती वाटते म्हणून?

तेव्हा त्याला धर्माआधी व्हिसा विचारा. एच-वन-बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असेल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडता, त्याला बंदूक जवळ ठेवताच येत नाही. टेक्सासने २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगायला दिलेली मुभा अशांसाठी नाही. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. आणि देवळात किंवा चर्चमध्ये न्यायचं असेल तर दारावरची पाटी वाचावी. तिथे शस्त्र नको म्हणायचा हक्क त्या त्या संस्थेला आहे.