मागापासून सहा फुटांवर भिंत: कोणती वाइड लेन्स घ्यावी?

प्रश्न: माझ्याकडे कॅनन 1500डी आणि सोबत आलेली 18-55 मिमी लेन्स आहे. पूर्व भागात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. वडील कामात असताना अख्ख्या मागासकट त्यांचे फोटो हवेत, पण मागे सरकायला गेलं की सहा फुटांवर भिंत. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेला, उंच काठ्यांचे नंदीध्वजही फ्रेममध्ये मावत नाहीत. दुकानदार टोकिना 11-16 एफ/2.8 घ्या म्हणतात, मित्र म्हणतो कॅनन 10-18. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: कॅनन 10-18 घ्या.

तुमचे सहा फूटच धरू. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर 22.3 मिमी रुंद आहे. त्यावर 18 मिमीला सहा फुटांवरची जेमतेम साडेसात फूट रुंदी दिसते. 10 मिमीला तेरा फुटांच्या वर. म्हणजे माग, वडील आणि शेजारची बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) सुद्धा. टोकिनाच्या 11 मिमीला हीच रुंदी बारा फुटांच्या आसपास येते. वाइडमध्ये एकेक मिलिमीटर असा फुटात मोजला जातो.

दुकानदारांचं म्हणणं चुकीचं नाही. एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं; टोकिनाच्या एफ/2.8 ला 10-18 च्या एफ/4.5 च्या अडीच पट प्रकाश मिळतो आणि कारखान्यात उजेड कमीच असतो. पण 10-18 मध्ये हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर आहे, त्या टोकिनात नाही. हात स्थिर ठेवलात तर 1/8 सेकंदालाही माग, भिंत, बीम स्वच्छ येतात. मात्र स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, वडिलांचा नाही. त्यांचे हात हलते दिसतील, धोटा पुसट रेघ होईल. मला तर मागाचा फोटो तसाच आवडतो. सगळं गोठवलेलं यंत्र बंद पडल्यासारखं दिसतं. चेहरा स्पष्ट हवा असेल तेव्हा ते सूत जोडायला थांबतात तो क्षण पकडा, शटर 1/50 सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) 1600 ते 3200. जुन्या ट्यूबलाइट असतील तर 1/100 पेक्षा वेगवान शटर टाळा. त्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो आणि फोटोत पट्टे उमटतात.

वडिलांना फ्रेमच्या कडेला उभं करू नका. 10 मिमीला कडेचा चेहरा ताणला जातो. त्यांना मध्याजवळ ठेवा आणि मागाची लांबी कडेकडे जाऊ द्या. तुम्हीही भिंतीला चिकटून राहू नका, दोन पावलं पुढे या. फोटोत माणूस मोठा आणि यंत्र त्याच्याभोवती पसरलेलं दिसलं पाहिजे. माझ्या मते ही लेन्स घ्यायची ती यासाठीच.

आणि लेन्स घरूनच बदलून जा. हवेत उडणारे सुताचे तंतू सेन्सरवर बसले की पुढच्या प्रत्येक आकाशात डाग दिसतात.

नंतर फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: ही ईएफ-एस, म्हणजे छोट्या सेन्सरसाठीची लेन्स आहे, कॅननच्या फुल-फ्रेम डीएसएलआरवर ती बसत नाही. कॅननच्या मिररलेस आर मालिकेतल्या फुल-फ्रेमवर अ‍ॅडॅप्टरने बसते, पण सेन्सरचा मधला भागच वापरला जातो. निकॉनवाल्या वाचकांसाठी एएफ-पी 10-20 व्हीआर ही याच जातीची हलकी लेन्स आहे. डी90 किंवा डी3100 सारख्या जुन्या बॉडीवर मात्र ती फोकसच करत नाही.

आता नंदीध्वज. मान वर करून कॅमेराही वर केलात की काठी मागे कललेली दिसते, आणि वाइडला ते फारच खुपतं. कॅमेरा उभा धरा, पण पातळीत ठेवा. 10 मिमीला तुमच्या डोळ्यांपासून वर, तुम्ही जितके दूर असाल त्याहून थोडी जास्तच उंची मावते. म्हणून काठीच्या उंचीइतकं मागे थांबलं की टोक सापडतं. खालचा अर्धा भाग पांढऱ्या बाराबंदीतल्या गर्दीने आपोआप भरेल. त्यासाठी मिरवणूक येण्याआधी रस्त्याच्या रुंद जागी, वळणावर किंवा चौकात जागा धरून ठेवा. अरुंद गल्लीत 10 मिमीही पुरणार नाही. संक्रांतीच्या रात्री होम मैदानावरच्या होमासाठी तेवढी टोकिना सरस ठरेल. पण त्या एका रात्रीसाठी ती भाड्याने मिळते का बघा, विकत घेऊ नका.