सैरंध्री : नाव की काम?

प्रश्न : पेशवाईतल्या वाड्यावर कथा लिहितो आहे. बाईसाहेबांची वेणीफणी करणारीला ‘सैरंध्री’ म्हटलं तर चालेल का? की ते द्रौपदीचंच नाव?

उत्तर : नाव नव्हे, काम. विराटाच्या राणीला, सुदेष्णेला, द्रौपदीने स्वतःचं नाव मालिनी सांगितलं. सैरंध्री हा तिचा पेशा. येणारी कामंही तिने मोजून सांगितली : केस बांधणं, उटी वाटणं, फुलांच्या माळा गुंफणं. अटी दोन : उष्टं खाणार नाही, पाय धुणार नाही. वनपर्वात चेदीच्या राजमातेकडे राहताना दमयंती याच दोन अटी घालते, म्हणजे हा द्रौपदीचा मानीपणा नसून पेशाचा रिवाज दिसतो.

अमरकोश या संस्कृत शब्दकोशाची व्याख्या तीन शब्दांची : ‘परवेश्मस्था स्ववशा शिल्पकारिका’. परक्या घरी राहणारी, स्वतःच्या मर्जीची, हातात कला असलेली. यातलं ‘स्ववशा’ सुटलं की सैरंध्रीची दासी होते, आणि नेमकी हीच चूक सर्रास होते. मनुस्मृतीत सैरिंध्र नावाची जात येते, तिचंही वर्णन ‘अदासं दासजीवनम्’, दास नसून दासाचं काम करणारा. भागवतात कंसाला उटी लावणारी कुब्जा सैरंध्री म्हणवली जाते खरी, पण ती स्वतःला दासीही म्हणवते. तिथे शब्द सैलावलेला आहे.

साजशृंगार करणारी एवढंच म्हणायचं असेल तर ‘प्रसाधिका’ आहे. कालिदासाच्या रघुवंशाच्या सातव्या सर्गात अजाची वरात पाहायला धावणारी एक स्त्री प्रसाधिकेच्या हातातला, आळता अजून ओला असलेला पाय हिसकावून घेते आणि खिडकीपर्यंत लाल पावलं उमटवत जाते.

मराठीत हा शब्द घरोघरी पोचला तो खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकाने (1907). कीचकात प्रेक्षकांना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत भारतमाता; 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. तेव्हापासून सैरंध्री म्हणजे द्रौपदी हे समीकरण इतकं घट्ट झालं की कामाचा अर्थ मागे पडला.

तुमच्या कथेत मात्र हा शब्द नको. वाड्यातल्या कुणबिणी, बटकी म्हणजे दासी; त्या विकत घेतलेल्या किंवा धरून आणलेल्या असत, स्ववशा कुठल्या? ‘कुणबीण’च लिहा. अमरकोशाच्या व्याख्येत आज चपखल बसते ती पेटी घेऊन लग्नघरी येणारी, दर आधी ठरवणारी मेकअपवाली.

लिहिताना ‘सैरेंध्री’ नको. ‘सैरंध्री’ रूढ आहे, ‘सैरिंध्री’ हे रूपही संस्कृतात चालतं.