न्यूयॉर्कमध्ये अनएम्प्लॉयमेंट चालू असताना कमिशनवर काम सुरू केलं तर?

तुमची नोकरी गेली आहे, न्यूयॉर्क राज्याचा बेकारी भत्ता चालू आहे आणि रिअल इस्टेटचं लायसन्स हाती आलं आहे. पहिलं घर विकायला तीन-चार महिने लागतील, तोवर कमाई शून्य. मग आत्तापासून काही कळवायची गरज आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. गरज आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून. न्यूयॉर्क पैसे कधी हातात पडले हे बघत नाही, काम कधी केलं हे बघतं. ज्या कामातून आज ना उद्या पैसे मिळू शकतात ते कामच, मग त्या आठवड्यात एक सेंटही आला नसला तरी.

म्हणून मोजायचे ते तास. आठवडा सोमवार ते रविवार धरतात. एकूण १० तासांपर्यंत काम केलं तर भत्ता पूर्ण मिळतो. ११ ते १६ तासांना पाव भत्ता कापतात, १७ ते २१ ला अर्धा, २२ ते ३० ला पाऊण, आणि ३१ पासून पुढे त्या आठवड्याचं काहीच मिळत नाही. समजा तुमचा भत्ता आठवड्याला ६०० डॉलर आहे. मंगळवारी ३ तास फोन, गुरुवारी ५ तास घरं दाखवली, रविवारी ४ तास ओपन हाउस (विकायचं घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवणं). झाले १२ तास, म्हणजे ४५० डॉलर मिळतील. तेच ओपन हाउस दोन तासांत आटोपलं असतं तर पूर्ण ६०० मिळाले असते. सव्वादहा तास भरले तर ते ११ धरले जातात, तेव्हा काठावर असाल तर जपा.

कापलेला भाग बुडत नाही. २६ आठवड्यांचा भत्ता आठवड्याला ४ दिवस या हिशोबाने १०४ दिवसांचा धरलेला असतो. पाव कापला की एक दिवस शिल्लक राहतो आणि पुढे वापरता येतो, फक्त क्लेमचं (भत्त्यासाठी केलेल्या अर्जाचं) एक वर्ष संपायच्या आत.

तासांबरोबर पगाराचीही एक मर्यादा आहे. आठवड्याची एकूण मजुरी राज्याच्या कमाल भत्त्यापेक्षा (ऑक्टोबर २०२५ पासून ८६९ डॉलर) जास्त झाली तर त्या आठवड्याचा भत्ता बंद. पण स्वतःच्या धंद्याची कमाई या मर्यादेत धरत नाहीत. त्यामुळे तुम्ही १०९९ वर (म्हणजे पगारदार नव्हे, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून) असाल तर तास महत्त्वाचे. दुकानात डब्ल्यू-२ वर (म्हणजे पगारदार म्हणून) कमिशनची नोकरी असेल तर तास आणि रक्कम दोन्ही बघावे लागतात.

लोक हमखास चुकतात ते ‘काम’ कशाला म्हणायचं यात. ब्रोकरच्या ऑफिसात बसणं, लिस्टिंगचे फोटो टाकणं, ओळखीच्यांना फोन करून गिऱ्हाईक शोधणं, वेबसाइट बनवणं हे सगळं काम आहे. विशेषतः स्वतःची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) उघडलीत तर फार सांभाळा. कंपनीच्या खात्यातून चेक लिहिणं, धंद्याचा खर्च करात वजा दाखवणं, एवढ्या किरकोळ गोष्टींवरूनही ‘हा माणूस पूर्ण बेकार नव्हता’ असे निकाल तिथल्या अपील कोर्टांनी दिले आहेत, नफा झाला नसतानाही. रोजची वेळ वहीत लिहून ठेवा आणि दर आठवड्याला सर्टिफाय करताना (भत्त्यासाठी त्या आठवड्याची माहिती राज्याला देताना) तीच भरा. तुमचं लायसन्स राज्याच्या साइटवर कुणालाही शोधता येतं. मुद्दाम लपवल्याचं ठरलं तर घेतलेला भत्ता परत करावा लागतो, वर १५ टक्के किंवा १०० डॉलर यांतली मोठी रक्कम दंड, आणि पुढच्या भत्त्याचे काही दिवसही जप्त.

धंदा सुरू केला म्हणून नोकरी शोधणं सुटत नाही. आठवड्याला किमान तीन प्रयत्न हवेत, नोंद वर्षभर जपायची. ‘आता मी फक्त घरंच विकणार’ असं कळवलंत तर तुम्ही नोकरीला उपलब्ध नाही असा अर्थ निघतो. यातून सुटायची सरळ वाट म्हणजे राज्याचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट असिस्टन्स प्रोग्राम. त्यात निवड झाली तर नोकरी न शोधता पूर्ण वेळ धंदा उभा करता येतो आणि भत्ता चालू राहतो. त्यासाठी उद्योजकतेचं प्रशिक्षण आणि मार्गदर्शकाची साथ घ्यावी लागते. धंदा जोरात सुरू करण्याआधीच अर्ज करा. मंजुरी हातात येईपर्यंत वरचे नेहमीचेच नियम लागू.

हे सगळं ग्रीन कार्ड, नागरिकत्व किंवा एच-४ चं (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावरचं) वर्क परमिट असलेल्यांसाठी. एच-१बी वर १०९९ चं काम करताच येत नाही, ते करून स्टेटस धोक्यात घालू नका.

भत्त्यावर फेडरल आणि न्यूयॉर्कचाही कर लागतो. क्लेममध्ये सांगितलंत तर १० टक्के फेडरल आणि २.५ टक्के राज्याचा कर आधीच कापतात, कापून घ्या. कमिशनमधून मात्र कुणी काही कापणार नाही. निव्वळ कमाई वर्षाला ४०० डॉलरच्या वर गेली की १५.३ टक्क्यांचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो, तो तिमाही भरावा लागतो.

आणखी एक. लेखी कराराने कमिशनवर काम करणारा रिअल इस्टेट एजंट न्यूयॉर्कच्या बेकारी कायद्यात नोकरदार धरला जात नाही. म्हणजे हा क्लेम संपल्यावर कमिशनच्या जोरावर नवा क्लेम उघडता येणार नाही. अधूनमधून डब्ल्यू-२ ची अर्धवेळ नोकरी मिळत असेल तर ती नाकारू नका, पुढच्या क्लेमसाठी तीच मजुरी धरली जाते.