कथा म्हणजे नेमकं काय, आणि तिचे इतके प्रकार कशामुळे होतात?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: कथा कशाला म्हणायचं, तिचे प्रकार कोणते, आणि घडलेली कुठलीही घटना कथा होऊ शकते का. प्रकारांची यादी पाठ्यपुस्तकात सहज मिळेल, पण ती पाठ करून कथा कळत नाही. म्हणून मी एका साध्या प्रसंगापासून सुरुवात करतो.

एका माणसाला रस्त्यात किल्ली सापडली. ती खिशात टाकून तो घरी आला. ही झाली घटना. ऐकणारा 'बरं' म्हणेल आणि आपल्या कामाला लागेल. आता एकच वाक्य वाढवू: घरी आल्यावर त्याने सहज ती किल्ली आपल्याच दाराच्या कुलपाला लावून पाहिली, आणि कुलूप उघडलं.

इथे ऐकणारा थबकतो. ही किल्ली कोणी करून घेतली? आपल्या माघारी घरात कोण येऊन गेलं? कथा सुरू होते ती या जागी, असं मला ठामपणे वाटतं. कोणाच्या तरी आयुष्यात काहीतरी बदलतं, आणि तो बदल अशा क्रमाने सांगितला जातो की पुढचं कळल्याशिवाय ऐकणाऱ्याला राहवत नाही. पात्रं, संवाद, वातावरण, निवेदन हे सगळे घटक महत्त्वाचे आहेतच, पण ते राबतात तो प्रश्न जागता ठेवण्यासाठी.

हे आपल्याकडच्या जुन्या कथाकारांना फार आधी कळलं होतं. वेताळपंचविशीची रचनाच पाहा. राजाने मौन पाळायचं आहे, आणि खांद्यावरचा वेताळ त्याला गोष्ट सांगून शेवटी एक पेच टाकतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर. राजा दर वेळी बोलतो. उत्तर सापडत नाही तेव्हाच तो गप्प राहू शकतो. ऐकणाऱ्याला गप्प बसू न देण्याची कथेची ताकद यापेक्षा नेमकेपणाने दाखवणारी दुसरी रचना मला माहीत नाही. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने कथासरित्सागर रचला तेव्हा या कथाही त्यात ओवल्या. कथेच्या पोटात कथा ठेवण्याची ही पद्धत पंचतंत्रातही आहे. ते सहाव्या शतकात पहलवी या जुन्या इराणी भाषेत आणि आठव्या शतकात अरबीत गेलं, आणि पुढे युरोपभर पसरलं.

आता प्रकारांकडे येतो. कथा वाचकाच्या मनात कुठला प्रश्न उभा करते, यावरून तिचा प्रकार बराचसा ठरतो. तीच किल्ली घ्या. ती कोणी बनवली याचा माग काढत मागे गेलात तर रहस्यकथा होईल. तिथे घडायचं ते घडून गेलेलं असतं आणि शोध भूतकाळाचा असतो. दार उघडल्यावर आत कोण आहे, या भीतीने पुढे सरकलात तर भयकथा. उत्तराची चाहूल लागते पण ते हाती येत नाही, अशी ठेवलीत तर गूढकथा. मराठीत भय आणि गूढ सर्रास एकत्र मोजतात, पण भयकथेचं वाचन संपलं की सुटका होते. गूढकथेनंतर होत नाही. सापडलेली वस्तू परत करावी की नाही यावर भर दिला तर बोधकथा. ही किल्ली जगातलं कुठलंही कुलूप उघडते असा एक नियम मांडून त्याचे परिणाम प्रामाणिकपणे तपासत गेलात तर विज्ञानकथा होऊ शकेल, मात्र तो नियम मध्येच सोयीने बदलायचा नाही.

बोधकथेला हलकं समजू नये. तेराव्या शतकातल्या, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या निरूपणातले दृष्टांत त्याच पंथातल्या केसोबासांनी एकत्र केले, त्यांची संख्या 114 आहे. अवघड तत्त्व सांगायला छोटी गोष्ट वापरणं ही मराठी गद्याची अगदी सुरुवातीची सवय आहे.

लोककथेपाशी मात्र जास्त वेळ थांबायला हवं, कारण तिला एक लेखक नसतो. ती तोंडातून तोंडात जाते, म्हणून लक्षात राहील अशाच घडणीची असते: तीन भाऊ, तीन कामगिऱ्या, पुन्हा पुन्हा येणारं तेच वाक्य, 'आटपाट नगर होतं' अशी ठरलेली सुरुवात. सांगणारा बदलला की तपशील बदलतात, सांगाडा टिकतो. व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने 1928 मध्ये रशियन अद्भुतकथा तपासून दाखवलं की त्यांतली माणसं वेगवेगळी असली तरी घडामोडी 31 ठरावीक प्रकारांत बसतात. प्रत्येक कथेत सगळ्या येत नाहीत, पण येतात तेव्हा त्यांचा क्रम बहुधा तोच राहतो. मला हे वाचून लोककथा कमी नव्हे, जास्त आवडू लागल्या. इतक्या कडक चौकटीत माणसांनी किती वैविध्य आणलं आहे!

छापील लघुकथा हा त्या मानाने अलीकडचा प्रकार, आणि तो नियतकालिकांच्या पानांवर वाढला. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोने 1842 मध्ये मांडलं की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा मनावर एकसंध परिणाम व्हावा. मराठीत 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांचं 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू झालं आणि स्फुट गोष्टींना जागा मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर नवकथेने प्रश्नाची दिशाच पालटली. पुढे काय झालं यापेक्षा त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं, हे महत्त्वाचं ठरलं. आपल्या किल्लीच्या कथेत मग कुलूप उघडलं की नाही हे गौण होईल. ती लावून पाहावीशी त्याला का वाटली, हा कथेचा विषय होईल.

एक सावधगिरी. ग्रामीण कथा, दलित कथा, विनोदी कथा, दीर्घकथा ही नावं एकाच रांगेत लिहिली जातात, पण ती वेगवेगळ्या मापांनी पाडलेली आहेत. दीर्घकथा हे लांबीवरून, विनोदी हे सुरावरून, आणि ग्रामीण किंवा दलित हे अनुभव कोणत्या जगातला, कोणाच्या नजरेतून आला यावरून. त्यामुळे एखादी कथा ग्रामीण, विनोदी आणि दीर्घ अशी तिन्ही असू शकते. परीक्षेत एकच खाना भरायचा असतो म्हणून गोंधळ होतो.

लांबीच्या दुसऱ्या टोकाला सध्या शतशब्दकथा आणि अलक आहेत. शतशब्दकथेत शंभर शब्दांची अट, अलक म्हणजे अति लघु कथा. यांतल्या पुष्कळशा शेवटच्या ओळीतल्या धक्क्यावर उभ्या असतात आणि दुसऱ्यांदा वाचवत नाहीत. चांगली अलक मात्र न सांगितलेला मोठा भाग वाचकाकडून भरून घेते. ते कठीण काम आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. कुठलीही घटना कथेचं बीज होऊ शकते, पण 'हे खरंच घडलं होतं' हा कथेचा बचाव होऊ शकत नाही. आयुष्यात योगायोगाने पेच सुटतात. कथेत योगायोगाने पेच सुरू झाला तर वाचक मान्य करतो, पण तो योगायोगानेच सुटला तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. तुम्ही एखादी खरी घटना लिहायला घेणार असाल, तर आधी तिच्यातला प्रश्न एका ओळीत वेगळा लिहून काढा. मग त्या प्रश्नाशी संबंध नसलेला प्रत्येक तपशील, तो कितीही खरा आणि आवडता असला तरी, गाळून पाहा. ओळीत मावेल असा प्रश्न सापडलाच नाही, तर त्या घटनेचा ललित लेख छान होईल, तो लिहा.