आधी उत्तर दे

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

"लोक येतात, एकेक काम करतात आणि जातात, शेवटी मी एकटीच उरते," असं तू लिहिलंस. काल रात्री तुझ्या मराठी-कन्नड शब्दकोशाच्या ॲपचा, कुणीही हातभार लावावा म्हणून खुला ठेवलेला कोड उघडून बघितला. कोड चांगला आहे. पण खानापूरच्या एका मुलाचा पॅच, म्हणजे त्यानं कोडमध्ये सुचवलेला बदल, तिथे बावीस दिवस पडून आहे. त्याला कुणी हो म्हटलेलं नाही, की नाही म्हटलेलं नाही.

माझा पहिला पॅच असाच पडून राहिला होता. दोन रात्री जागून केलेलं काम, महिनाभर रोज जाऊन बघायचो. उत्तर आलं नाही, आणि पुढे वर्षभर मी त्या वाटेला गेलो नाही. मग दुसऱ्या एका प्रकल्पात कुणीतरी त्याच दिवशी लिहिलं, "दोन ओळी बदल आणि परत पाठव, थांबलोय." त्या 'थांबलोय'च्या बळावर मी तिथे सहा वर्षं काम केलं. तुझी परीक्षा असेल तर तसं सांग, "रविवारी बघते" एवढं लिही. पण आज लिही.

खानापूरकडे पैऱ्यानं रोप लावताना तू बघितलं असशील. नवख्या पोराला आधी पेंढ्या पोचवायला देतात, मग जाणत्या बाईच्या शेजारी ओळीत उभं करतात. तू मात्र दहा मिनिटांची सोपी कामं रात्रीतच स्वतः उरकून टाकतेस आणि येणाऱ्यापुढे अवघड तेवढंच उरतं. सोपी कामं राखून ठेव. त्यांवर 'गुड फर्स्ट इश्यू', म्हणजे नवख्यासाठी चांगलं पहिलं काम, असं लेबल लाव. कुठली फाईल, काय बदलायचं, झालं की तपासायचं कसं, ते लिही. हे लिहायला कामापेक्षा जास्त वेळ लागेल. लागू दे.

आणि फक्त कोड लिहिणाऱ्यांनाच हाक मारू नकोस. आपल्या भागातली कितीतरी मुलं दुकानांच्या पाट्यांवरून दोन्ही लिप्या वाचत मोठी होतात. 'कुऱ्हाड'मधला र मोडला किंवा कन्नडमधलं ओत्तक्षर (जोडाक्षरात खाली लिहितात ते अक्षर) भलतीकडे बसलं, तर त्यांना एका नजरेत कळतं. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बदलाच्या नोंदीतच 'रिपोर्टेड-बाय', 'टेस्टेड-बाय' असं लिहून चूक सांगणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव कायमचं ठेवतात. तूही ठेव.

टी-शर्ट वाटायचा विचार सोड. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे खुल्या प्रकल्पांना हातभार लावायचा ऑक्टोबरमधला उपक्रम; 2020 साली त्यात चार पुल रिक्वेस्टना, म्हणजे पाठवलेल्या चार बदलांना, टी-शर्ट होता. रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाईलीत, एखादा शब्द घुसडून लोकांनी इतका कचरा पाठवला की तो काढता काढता प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर दमले. शेवटी जे प्रकल्प स्वतःहून हो म्हणतील तेवढेच धरायचे, असा नियम आयोजकांना त्याच महिन्यात करावा लागला.

आता त्या मुलाच्या पॅचबद्दल. त्यानं शब्द युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या, क्रमानं लावलेत, म्हणून 'काळा' हा 'कावळा'च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह-नंतर. ही चूक तू दुरुस्त करू नकोस. त्याला दाखव, आणि थांबलेय म्हणून लिही.

तुझा,
काका